दोन बॅटऱ्यांची गाडी : दुसरी बॅटरी नवी असूनही पहाटे फ्रीज बंद का पडतो?

धागालेखक

माझ्या डिझेल व्हॅनमध्ये मुक्कामाची सोय केलेली असून त्यासाठी तिच्यात दोन बॅटऱ्या आहेत. इंजिन सुरू करणारी मूळ बॅटरी बॉनेटखाली आहे; ती ७० अँपिअर-अवरची (किती अँपिअर किती तास मिळतील याचे माप) साधी लेड-ॲसिड बॅटरी आहे. मागे बाकाखालच्या पेटीत १०० अँपिअर-अवरची एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली, सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) असून तिच्यावर छोटा कॉम्प्रेसर फ्रीज, चार एलईडी दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. या दोन्हींच्या मध्ये, व्होल्टेज पाहून बॅटऱ्या आपोआप जोडणारा आणि तोडणारा रिले आहे. ही जोडणी गाडी माझ्याकडे येण्यापूर्वीच झालेली असल्यामुळे कोणती वायर कुठून कुठे गेली आहे, हे मला नीट ठाऊक नाही.

तक्रार अशी की, प्रवासाच्या दिवसांत रोज साधारण दोन तास गाडी चालते, तरीही तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री पहाटेच्या सुमारास फ्रीज कमी व्होल्टेजची खूण दाखवून बंद पडतो. त्या वेळी मागच्या बॅटरीवर ११.९ व्होल्ट दिसतात. इंजिन मात्र पहिल्या सेलला सुरू होते. सहा महिन्यांपूर्वी ‘बॅटरी गेली’ असे निदान झाल्यामुळे मी मागची बॅटरी नवी घेतली. पहिले काही आठवडे बरे गेले आणि नंतर तीच तक्रार परत आली. शिवाय सकाळी इंजिन सुरू करून गाडी उभी ठेवली, की मागच्या पेटीतून दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येतो. ज्यांच्याकडे गाडी दाखवली त्यांनी आधी ती बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरली, मग इंजिन सुरू करून दोन्ही बॅटऱ्यांवर १४ व्होल्टच्या आसपास वाचन घेतले आणि वायरिंग ठीक असल्याचे सांगितले.

आता मला बॅटरी, अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज-जनित्र) आणि रिले अशा तिन्ही वस्तू बदलण्याचे वेगवेगळे सल्ले मिळाले आहेत. त्या एकामागून एक बदलत बसण्यापेक्षा दोष नेमका कुठे आहे, हे शोधण्याची पद्धत मला समजून घ्यायची आहे.

प्रतिसाद १

मी वाहनांच्या वायरिंगचे काम करतो आणि दोन बॅटऱ्यांच्या गाड्या माझ्याकडे वारंवार येतात. तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि कोणतीही वस्तू बदलण्यापूर्वी तो विचारलात हे फार चांगले झाले.

आधी मांडणीचे तत्त्व पाहू. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ आणि संख्येने जास्त प्लेटा असतात, कारण तिला काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे असतात. ३०० अँपिअर तीन सेकंद घेतले, तरी खर्च होतो तो केवळ पाव अँपिअर-अवर, आणि अल्टरनेटर तो लगेच भरून काढतो. अशी बॅटरी रोज निम्मी रिकामी केली, तर ती थोड्याच काळात निकामी होते. मागच्या बॅटरीचे काम नेमके उलटे असते : कमी प्रवाह, पण तो तासन्‌तास. म्हणून तिच्या प्लेटा जाड असतात. रात्री दिवे आणि फ्रीज कितीही चालले तरी सकाळी इंजिन सुरू झालेच पाहिजे, यासाठी मुक्कामात या दोघी वेगळ्या राहायला हव्यात आणि इंजिन चालू असताना एकत्र यायला हव्यात. सगळी यंत्रणा एवढ्याच एका गरजेतून उभी राहिलेली आहे.

तुमच्या प्रकारचा रिले हे काम व्होल्टेजवरून करतो. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, तर अल्टरनेटर चालू असताना तिच्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात. म्हणजे व्होल्टेज १३.३ च्या वर गेले तर कोणीतरी बॅटरी भरत आहे, असा अर्थ रिले लावतो आणि दोन्ही बॅटऱ्या जोडतो, ते १२.८ च्या खाली आले की तोडतो. उत्पादकागणिक हे आकडे थोडे बदलतात, पण बहुतेक रिले याच्याच आसपास असतात.

आता मोजमापे. मागची बॅटरी चार्जरवर भरून मोजू नका. मुक्कामानंतर सकाळी, ती उतरलेली असतानाच मोजा. इंजिन सुरू करून दहा मिनिटे झाल्यावर पुढच्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर, मग मागच्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज पाहा. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला, तर जोडवायरमधून किती अँपिअर जात आहेत तेही नोंदवा. त्यानंतर मल्टिमीटरच्या एका टोकाला लांब वायर जोडून पुढच्या प्लसपासून रिलेच्या आत येणाऱ्या टोकापर्यंत, रिलेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिथून मागच्या प्लसपर्यंत, आणि शेवटी मागच्या मायनसपासून पुढच्या मायनसपर्यंत असे चार तुकडे वेगवेगळे मोजा. यातला शेवटचा तुकडा कृपया वगळू नका.

प्रतिसाद २

माझ्या गाडीतही अशीच तक्रार होती आणि अल्टरनेटर बदलल्यावर ती दूर झाली. दोन बॅटऱ्या, फ्रीज आणि हेडलाइट एवढा भार मूळ अल्टरनेटरला पेलत नाही, असे माझे मत आहे. मोजमापांत वेळ घालवण्यापेक्षा मोठा अल्टरनेटर बसवावा.

प्रतिसाद ३

वरील मताशी मी सहमत नाही. अल्टरनेटर कमी पडत असेल, तर त्याची खूण सर्वांत आधी पुढच्या बॅटरीवर दिसते. तिथे भारासह १३.८ किंवा त्याहून अधिक व्होल्टेज टिकत असेल, तर अल्टरनेटर त्याचे काम करतो आहे, आणि पुढे ती वीज मागे पोहोचत नसेल तर दोष वाटेत आहे. तुमच्या गाडीत अल्टरनेटर खरोखरच कमकुवत असेलही. पण या धाग्यातल्या गाडीचे एकही वाचन अजून आपल्यासमोर आलेले नाही.

धागालेखक

सांगितल्याप्रमाणे दोन रात्रींच्या मुक्कामानंतर आज सकाळी मोजमापे घेतली. हेडलाइट बंद होते आणि इंजिन साध्या गतीवर होते.

पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट आणि मागच्या बॅटरीवर १२.९ व्होल्ट मिळाले. जोडवायरमधून १८ अँपिअर जात होते. तुकड्यांप्रमाणे पाहता पुढच्या प्लसपासून रिलेपर्यंत ०.४५, रिलेच्या दोन टोकांमध्ये ०.१०, रिलेपासून मागच्या प्लसपर्यंत ०.०५ आणि मागच्या मायनसपासून पुढच्या मायनसपर्यंत ०.७० व्होल्ट आले. यांची बेरीज बरोबर १.३० होते, म्हणजे दोन बॅटऱ्यांमधला सगळा फरक या चार आकड्यांत सापडला. हे पाहून मला फार समाधान वाटले, पण शेवटचा आकडा सर्वांत मोठा का, हे कळले नाही.

वायरचा मागही काढला. पुढून मागे येणारी वायर ६ चौरस मिलिमीटरची असून सुमारे ६ मीटर लांब आहे. तिला पुढच्या बाजूला ४० अँपिअरचा एक फ्यूज आहे. रिले मागच्या पेटीतच बसवलेला असून त्याची काळी वायर मागच्या बॅटरीच्या मायनसला जोडलेली आहे. त्या मायनसपासून एक छोटी वायर जमिनीच्या पत्र्यातल्या एका बोल्टला गेली आहे; बोल्टखालचा रंग खरवडलेला दिसत नाही.

हेडलाइट आणि केबिनचा पंखा चालू केल्यावर पुढची बॅटरी १३.५ व्होल्टवर आली आणि टक्-टक् सुरू झाली. लक्ष देऊन ऐकल्यावर असे आढळले, की फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की रिले सुटतो आणि थोड्या वेळाने परत जोडला जातो.

प्रतिसाद ४

(पहिला प्रतिसाद माझाच होता.) इतकी व्यवस्थित मोजमापे क्वचितच वाचायला मिळतात. तुमचा अल्टरनेटर चांगला आहे आणि रिलेही चांगला आहे. आता एकेक तुकडा पाहू.

प्लसच्या वायरीपासून सुरुवात करतो. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम असतो. तुमची वायर ६ मीटर लांब आणि ६ चौरस मिलिमीटर जाड आहे, म्हणजे तिचा रोध तेवढाच, ०.०१७५ ओहम. त्यातून १८ अँपिअर गेले की ०.३२ व्होल्ट वायरीतच पडतात. उरलेले ०.१३ व्होल्ट फ्यूजच्या पकडीत आणि थिंबलांत (वायरीच्या टोकांना बसवलेल्या धातूच्या कड्यांत) जात आहेत. वायर कामापुरती चालते आहे, पण या लांबीसाठी ती निश्चितच बारीक आहे.

मुख्य दोष परतीच्या वाटेत आहे. वीज जितकी प्लसमधून मागे जाते, तितकीच मायनसमधून पुढे परत यावी लागते, आणि तुमच्या गाडीत ती परत येते चॅसिसमधून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. चॅसिसच्या लोखंडाचा आडवा छेद इतका मोठा असतो, की १८ अँपिअरला त्यात ०.७० व्होल्ट पडण्याचे कारणच नाही. ते पडत आहेत त्या रंगवलेल्या पत्र्यातल्या बोल्टवर. बोल्टला विजेचा संपर्क फक्त आट्यांच्या काही कडांतून मिळत असणार. ०.७० व्होल्ट गुणिले १८ अँपिअर म्हणजे साडेबारा वॉटपेक्षा जास्त उष्णता त्या एका सांध्यात तयार होते. इंजिन अर्धा तास चालल्यावर तो बोल्ट हाताला कोमट लागेल. लोक प्लसची वायर जाडजूड घालतात आणि मायनसला हाताला मिळेल त्या बोल्टखाली अडकवतात. माझ्या अनुभवात मागची बॅटरी न भरण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

आता टक्-टक्. रिले स्वतःच्या आत येणाऱ्या टोकाची आणि स्वतःच्या काळ्या वायरीची तुलना करत असतो. तुमची काळी वायर त्या खराब बोल्टच्या बॅटरीकडच्या बाजूला आहे आणि रिले लांब वायरीच्या शेवटच्या टोकाला आहे. त्यामुळे पुढे १४.२ व्होल्ट असले तरी रिलेला दिसतात १४.२ वजा ०.४५ वजा ०.७०, म्हणजे १३.०५. हेडलाइट लावल्यावर पुढे १३.५ येतात, फ्रीज सुरू झाला की वाटेतला प्रवाह वाढतो, प्रवाहाबरोबर वाटेतली घट वाढते आणि रिलेला दिसणारे व्होल्टेज १२.८ च्या खाली जाते. रिले आपल्या नियमाप्रमाणे सुटतो. तो सुटला की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की घटही नाहीशी होते, आणि रिलेला पुन्हा पूर्ण १३.५ दिसू लागतात, ते १३.३ पेक्षा जास्त असल्यामुळे तो परत जोडतो. हेच चक्र चालू राहते. संध्याकाळी हेडलाइट लावून संथ वाहतुकीत तासभर गाडी चालवलीत, तर त्यातला बराच वेळ मागची बॅटरी जोडलेलीच नसते.

आधीच्या तपासणीत हे का दिसले नाही, तेही इथेच स्पष्ट होते. वाटेतली घट प्रवाहावर अवलंबून असते. चार्जरवर पूर्ण भरलेली बॅटरी जोडली, तर ती एखाद-दोन अँपिअरच घेते, आणि एवढ्या प्रवाहाला तुमच्या बोल्टवर ०.०८ व्होल्टसुद्धा पडत नाहीत. दोन्ही बॅटऱ्यांवर सारखेच १४ व्होल्ट दिसणार. वाचन खरे होते. मोजण्याची वेळ चुकली होती.

दुरुस्ती अशी करा. बोल्टभोवतीचा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत रंग खरवडा, दातेरी वायसर घाला, बॅटरीपासून तिथपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची छोटी केबल टाका, आणि घट्ट आवळून झाल्यावर गंज लागू नये म्हणून वरून ग्रीस लावा. रिले पुढच्या बॅटरीजवळ आणा आणि त्याची काळी वायर इंजिन जिथे चॅसिसला जोडलेले असते त्या सांध्यावर द्या. तिथे त्याला अल्टरनेटरचे खरे व्होल्टेज दिसेल. शेवटी प्लसची वायरही २५ चौरस मिलिमीटरची करा. कृपया हे टप्पे एकदम न करता एकेक करून मोजा. कोणत्या बदलाने काय साधले ते कळेल.

प्रतिसाद ५

या सविस्तर विवेचनात एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती जिवाशी निगडित आहे, म्हणून स्वतंत्र लिहितो. धागालेखकांनी सांगितले, की फ्यूज केवळ पुढच्या टोकाला आहे. जोडवायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणजे तिला वीज दोन्हीकडून मिळते. ही वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर पुढचा फ्यूज उडून पुढचा पुरवठा थांबेल. पण रिले त्या क्षणी जोडलेला असेल, तर मागची बॅटरी शेकडो अँपिअर त्याच वायरीत ओतत राहील. रिले पुढे हलवल्यावर तर संपूर्ण वायर कायमच मागच्या बॅटरीवर जिवंत राहणार आहे. त्यामुळे प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून शक्य तितक्या जवळ एक, असे दोन फ्यूज हवेतच. फ्यूजचे माप वायरीवरून ठरते, उपकरणावरून नव्हे : ६ चौरस मिलिमीटरला ४० अँपिअर ठीक आहे आणि २५ चौरस मिलिमीटरला १०० अँपिअरपर्यंत चालेल.

माझ्या ओळखीच्या एका गाडीत अशीच एकाच बाजूला फ्यूज असलेली वायर दाराच्या उंबऱ्याखाली घासून जळाली. माणसे बाहेर होती म्हणून वाचली. तेव्हापासून कोणाचीही दोन बॅटऱ्यांची गाडी पाहिली, की मी प्रथम फ्यूज मोजतो.

काम करताना दोन्ही बॅटऱ्यांच्या मायनस सोडवा; एक सोडवून गाडी निर्जीव झाली असे समजू नका. सोडवताना मायनस आधी आणि जोडताना मायनस शेवटी, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडणार नाही.

प्रतिसाद ६

माझी गाडी नवीन असून तिच्यात पुढच्या बॅटरीच्या मायनसवर एक छोटा सेन्सर आहे. प्रवासात पुढचे व्होल्टेज कधी १२.५ दिसते, तर उतारावर ॲक्सिलेटर सोडला की १५ च्या जवळ जाते. माझा रिले दिवसभर जोडतो आणि तोडतो. इथेही अर्थिंगचाच (मायनस चॅसिसला जोडणाऱ्या सांध्याचाच) दोष असेल का?

प्रतिसाद ७

(पहिला आणि चौथा प्रतिसाद माझे.) नाही, तुमच्या गाडीत काही बिघडलेले नाही. इंधन वाचवण्यासाठी नव्या गाड्यांचा संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज सतत बदलत असतो. बॅटरी पुरेशी भरली आहे असे वाटले की तो अल्टरनेटरला जवळजवळ विश्रांती देतो, आणि गाडी उतारावर किंवा ब्रेकवर असताना फुकट मिळणारी ऊर्जा साठवण्यासाठी व्होल्टेज चढवतो. ‘१३.३ च्या वर म्हणजे चार्जिंग’ हे साध्या रिलेचे गृहीतकच इथे लागू पडत नाही.

अशा गाडीला डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो आत येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी बाहेर मागच्या बॅटरीच्या प्रकाराला योग्य असे टप्प्याटप्प्याचे चार्जिंग देतो. त्याला इग्निशनचा संकेत द्यावा लागतो, नाहीतर इंजिन बंद असतानाही तो पुढची बॅटरी रिकामी करू शकतो. वायर निवडताना एक गणित लक्षात घ्या. २५ अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टवर ३६० वॉट देतो. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर तो ४०० वॉट घेणार, आणि आत १२.५ व्होल्टच येत असतील तर ते ३२ अँपिअर होतात. बाहेरच्यापेक्षा आतली वायर जास्त भार वाहते. तुमच्या सेन्सरबद्दल एवढेच सांगतो, की कोणत्याही जादा उपकरणाची मायनस थेट बॅटरीच्या टर्मिनलला न जोडता चॅसिसला जोडा. थेट जोडली तर तो प्रवाह सेन्सरला चुकवून जातो आणि संगणकाचा बॅटरीविषयीचा हिशेब चुकत राहतो.

धागालेखकांनी मात्र आत्ताच डीसी-टू-डीसी चार्जर घेऊ नये. त्यांच्या अल्टरनेटरचे व्होल्टेज स्थिर आहे. चार्जर लावला तर बाहेरून आकडे सुधारतील, पण तो खराब बोल्ट जागेवरच राहील आणि जास्त प्रवाहाने जास्त तापेल.

प्रतिसाद ८

माझा अनुभव जरा वेगळा आहे, पण मूळ विषयाशी जुळणारा आहे. मी मागची लेड-ॲसिड बॅटरी काढून त्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. बाकी मांडणी, म्हणजे रिले आणि वायर, तीच ठेवली. तेव्हापासून सकाळी इंजिन सुरू करताना जोडवायरचा फ्यूज उडतो. दोनदा असे झाले आहे.

प्रतिसाद ९

(तिसरा प्रतिसाद माझा.) लिथियमचे स्वस्थ व्होल्टेजच १३.२ ते १३.४ च्या दरम्यान असते आणि बॅटरी बरीच रिकामी होईपर्यंत ते फारसे खाली येत नाही. तुमचा रिले तोडण्यासाठी १२.८ ची वाट पाहतो, आणि ती वेळ रात्रभर येतच नाही. म्हणजे इंजिन बंद केल्यावरही दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात. सकाळी तुम्ही सेल मारता, तेव्हा पुढची बॅटरी दबते आणि अंतर्गत रोध कमी असलेली लिथियम बॅटरी स्टार्टरला प्रवाह देऊ लागते. तो सगळा प्रवाह त्या जोडवायरीतून आणि फ्यूजमधून जातो. फ्यूज उडाला हे चांगलेच झाले. लिथियमसाठी डीसी-टू-डीसी चार्जरच वापरा. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती बॅटरी चार्ज होऊ न देण्याची सोयही तिच्या संरक्षक सर्किटमध्ये आहे का, ते तपासा.

धागालेखक

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने केली. दोन्ही टोकांना फ्यूज प्रथम बसवले.

फक्त बोल्ट आणि मायनसची केबल सुधारल्यावर, तशाच उतरलेल्या बॅटरीवर मोजले असता प्रवाह १८ वरून २४ अँपिअरवर गेला. मायनसच्या बाजूची घट ०.७० वरून ०.०८ वर आली. मात्र प्लसच्या वायरीतली घट ०.४५ वरून ०.६० झाली. सुरुवातीला काही बिघडले असे वाटले. मग प्रवाह वाढला तशी त्याच वायरीतली घट वाढली, हे ध्यानात आले. पुढे १४.२ असताना मागे १३.३ व्होल्ट मिळाले.

नंतर रिले पुढे आणला आणि २५ चौरस मिलिमीटरची केबल टाकली. आता प्रवाह सुरुवातीला ३१ अँपिअर असतो आणि पुढे १४.१ असताना मागे १३.७ व्होल्ट मिळतात. हेडलाइट, पंखा आणि फ्रीज एकत्र चालू करून पाहिले. रिले एकदाही सुटला नाही.

फ्रीजकडे जाणारी वायरही मोजली. ती दीड चौरस मिलिमीटरची आणि ५ मीटर लांब होती. कॉम्प्रेसर ५ अँपिअर घेत असताना बॅटरीवर ११.९ आणि फ्रीजच्या सॉकेटवर ११.३ व्होल्ट होते, म्हणजे फ्रीजला बॅटरी प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त उतरलेली दिसत होती. तिथे ६ चौरस मिलिमीटरची वायर घातल्यावर फरक ०.१५ व्होल्टवर आला.

दोन प्रश्न उरतात. सहा महिने अर्धवट भरत राहिल्याने माझ्या बॅटरीचे नुकसान झाले असेल का? आणि आता रोज दोन तासांच्या प्रवासात ती पूर्ण भरेल का?

प्रतिसाद १०

(पहिला, चौथा आणि सातवा प्रतिसाद माझे.) नुकसान झाले असण्याचा संभव आहे. लेड-ॲसिड बॅटरी दीर्घकाळ अर्धवट चार्ज राहिली, की प्लेटांवरचे लेड सल्फेट कठीण होत जाते आणि तेवढा भाग पुन्हा कामात येत नाही. अंदाज बांधण्यापेक्षा क्षमता मोजा. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा, काही तास स्वस्थ ठेवा आणि मग ५ अँपिअरचा स्थिर भार लावून १०.५ व्होल्टपर्यंत येण्यास किती वेळ लागतो तो पाहा. १०० अँपिअर-अवर हा आकडा साधारणपणे २० तासांच्या हिशेबाने दिलेला असतो, म्हणजे ५ अँपिअरने. भार दुप्पट केला तर वेळ निम्म्याहून कमी मिळतो. विल्हेल्म प्योकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडलेला नियम तोच. म्हणून चाचणी ५ अँपिअरनेच करा. चाचणी संपताच बॅटरी लगेच भरा.

दुसऱ्या प्रश्नासाठी जमाखर्च मांडावा लागेल. तुमचा फ्रीज दिवसभराच्या सरासरीने २ अँपिअर घेत असेल, तर २४ तासांचे ४८ अँपिअर-अवर होतात. दिवे आणि पंपाचे पाच धरून ५३. जुन्या मांडणीत सलग १८ अँपिअर मिळाले असते तरी दोन तासांत ३६ जमा झाले असते, आणि रिले सुटत असल्यामुळे तेवढेही होत नव्हते. रोजची ही तूट साठत जाऊन तिसऱ्या-चौथ्या रात्री फ्रीज बंद पडत होता. आता ३१ अँपिअरने सुरुवात होते, पण बॅटरी भरत जाते तसा प्रवाह उतरतो. दोन तासांची सरासरी २५ धरली तर ५० जमा होतात. म्हणजे हिशेब जवळजवळ जुळतो, तरी बॅटरी काठोकाठ भरत नाही, कारण लेड-ॲसिडचा शेवटचा २० टक्के भाग भरायला कितीही जाड वायर असली तरी कित्येक तास लागतात. आठवड्यातून एकदा बाहेरच्या चार्जरवर पूर्ण रात्र, किंवा छतावर सौर पॅनेल, यांपैकी एकाची सोय करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

धागालेखक

क्षमता मोजली. ५ अँपिअरच्या भारावर बॅटरी १५ तास ३५ मिनिटे टिकली, म्हणजे सुमारे ७८ अँपिअर-अवर. सहा महिन्यांत पाचवा हिस्सा गेला याचे वाईट वाटते, पण तूर्त ती बदलणार नाही. नव्या हिशेबात १०० च्या जागी ७८ धरले आहेत, निम्म्याच्या खाली जाऊ न देण्यासाठी रात्रीचा वापर ३९ पर्यंत ठेवणार आहे, आणि आठवड्यातून एका रात्री ती चार्जरला लावतो आहे. परवाच्या चौथ्या मुक्कामात पहाटे बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते आणि फ्रीज चालू होता.

उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली सर्व वाचने, दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची, तारखेसह एका कागदावर लिहून मागच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहेत. त्यात चारही तुकड्यांची घट आणि त्या वेळचा प्रवाह दिलेला आहे, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी पेटी उघडेल त्याला तुलनेसाठी आकडे तयार मिळतील.